वाळू आपली, किल्ली दुसऱ्याची

आजच्या भाषणाचा विषय थोडासा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. खाणी, खनिजें, रसायनें आणि परराष्ट्रांचीं धोरणें यांचा आपल्या घरसंसाराशीं काय संबंध, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर आरंभींच देऊन टाकतों. २०२५ च्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस चीनच्या सरकारनें सात मूलद्रव्यांच्या व त्यांपासून बनविलेल्या लोहचुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. भांडण होतें अमेरिका आणि चीन यांच्यामधील. अमेरिकेनें दोनच दिवस आधीं नव्या जकाती जाहीर केल्या होत्या. परंतु मे महिना संपतो न संपतो तोंच जपानांतील सुझुकी कंपनीला आपल्या एका लहान मोटारीचें उत्पादन थांबवावें लागलें, अमेरिकेंत फोर्ड कंपनीचा शिकागो येथील कारखाना आठवडाभर बंद राहिला, आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास आपल्या पुण्यांत विजेवर चालणाऱ्या दुचाकी गाड्यांच्या उत्पादनांत मोठी कपात करावी लागली. ज्या वस्तूच्या अभावीं हें घडलें ती मुठींत मावण्यासारखी असते, आणि साऱ्या गाडीच्या किमतीच्या मानानें तिची किंमत अगदीं थोडी असते.

एवढ्याशा वस्तूवांचून एवढे मोठे कारखाने कां अडावे, ती वस्तु एकाच देशाच्या हातीं कशी गेली, आणि ज्या वाळूंतून तिचीं द्रव्यें निघतात ती वाळू आपल्या किनाऱ्यावर विपुल असतांना आपण परक्याच्या दाराशीं कां उभे राहावें, हे तीन प्रश्न आज मला आपल्यापुढें मांडावयाचे आहेत.

ज्या मूलद्रव्यांविषयीं मी बोलत आहें त्यांना रसायनशास्त्रांत विरल मृत्तिका असें म्हणतात. हें नांव दोन्ही बाजूंनीं फसवें आहे. तीं मृत्तिका नव्हेत, धातु आहेत. आणि फारशीं विरलहि नाहींत. त्यांपैकीं सीरियम हा धातु पृथ्वीच्या कवचांत जवळजवळ तांब्याइतका आढळतो. लँथॅनम, सीरियम, निओडिमियम, डिस्प्रोसियम, टर्बियम वगैरे मिळून एकंदर सतरा जणांचें हें कुटुंब आहे. अडचण अशी कीं, यांचे दाट साठे क्वचित् सांपडतात. आणि सांपडले तरी हीं सारीं भावंडें एकमेकांना अशीं बिलगून असतात कीं, त्यांना वेगळीं करतांना रसायनज्ञांचे हाल होतात.

यांतील निओडिमियमला लोह व बोरॉन यांची जोड दिली म्हणजे अतिशय बलवान् असा लोहचुंबक तयार होतो. हा शोध १९८० नंतरच्या चार-पांच वर्षांत जपानांत मासातो सागावा यांनीं आणि अमेरिकेंत जनरल मोटर्स कंपनीच्या जॉन क्रोट यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, लावला. पूर्वीं ज्या कामाला विटेएवढा चुंबक लागे त्याला आतां सुपारीएवढा पुरूं लागला. मोटारीच्या काचा वरखालीं करणारें यंत्र, तिचें सुकाणूं हलकें करणारी विजेची मोटर, कानाला लावावयाचे ध्वनिग्राहक, संगणकाची तबकडी, समुद्रावरच्या प्रचंड पवनचक्क्या, आणि क्षेपणास्त्रांचीं दिशादर्शक अंगें, या सर्वांत हा चुंबक शिरला. तापलेल्या मोटरमध्येंहि त्याचें बळ टिकावें म्हणून त्यांत डिस्प्रोसियम किंवा टर्बियम यांचा थोडासा अंश मिसळावा लागतो. भाजींतल्या मिठासारखें हें आहे. प्रमाण थोडें, परंतु त्यावांचून चालत नाहीं. २०२५ च्या एप्रिलांत चीननें ज्यांवर परवाना बसविला त्या सात मूलद्रव्यांत हीं दोन्ही होतीं.

तथापि या द्रव्यांचें राजकारण लोहचुंबकापासून सुरू झालेलें नाहीं. तें दिव्यापासून सुरू झालें, आणि त्याचा पहिला अंक आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर घडला. लग्नाच्या मांडवांत किंवा तमाशाच्या फडांत लावीत ती पेट्रोमॅक्सची बत्ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांना तिच्यांतील पांढरी जाळी आठवत असेल. तशी जाळी ऑस्ट्रियांतील आउअर फॉन वेल्सबाख या रसायनज्ञानें १८८५ सालीं प्रथम बनविली. पुढें १८९१ च्या सुमारास असें ठरलें कीं, तिच्यांत ९९ भाग थोरियमचें व १ भाग सीरियमचें ऑक्साइड असलें म्हणजे प्रकाश उत्तम पडतो. युरोपांतील शहरें या दिव्यांनीं उजळलीं. हीं दोन्ही द्रव्यें मोनाझाइट नांवाच्या तांबूस-पिवळ्या वाळूंतून निघतात. ती वाळू त्या काळीं मुख्यतः ब्राझिलच्या किनाऱ्यावरून येई, आणि तिच्या व्यापाराच्या नाड्या जर्मन कारखानदारांच्या हातीं होत्या.

१९०९ सालीं शोम्बर्ग नांवाच्या एका जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरकडून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूंत मोनाझाइटचे कण आढळले. काथ्याचा माग काढीत तो कन्याकुमारीजवळच्या मणवालकुरिची गांवापर्यंत पोंचला. १९१० सालीं त्यानें तेथें कारखाना घातला, आणि पुढें कोल्लमजवळ चवरा येथें दुसरा. पण १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. शोम्बर्गला जर्मनीचा हेर म्हणून अटक झाली, दोन्ही कारखाने बंद पडले, आणि नंतर ते लंडनमधील एका कंपनीच्या ताब्यांत गेले. वाळू होती तेथेंच होती, आणि तिच्यांतील थोरियमहि एका कणानें कमी झालें नव्हतें. बदललें होतें तें युरोपांतील राजधान्यांचें आपापसांतील नातें. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर ज्यांनीं ती वाळू डोक्यावरून वाहिली त्यांना या बदलांत कोणीं विचारण्याचें कारणच नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर या वाळूला पुन्हा महत्त्व आलें, आणि तें पहिल्याहून भारी होतें. थोरियमपासून अणुशक्तीचें इंधन बनवितां येतें हें कळल्यावर बड्या राष्ट्रांचें लक्ष तिकडे वळलें. आतां मात्र या टोकालाहि बोलणारे लोक होते. मोनाझाइटच्या निर्यातीवर १९४६ पासून बंधनें आलीं. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर, दिल्लींतील सरकार आणि ब्रिटन यांच्यांत या वाळूवरून बरींच बोलणीं झालीं. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं अणुशक्तीचा कायदा झाला. १९५० सालीं इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली. १९५२ सालीं तिचा आलुवा येथील कारखाना सुरू झाला, आणि १९५५ सालीं मुंबईजवळ तुर्भ्याला थोरियमचा कारखाना उभा राहिला. कच्ची वाळू बाहेर जाऊं द्यावयाची नाहीं, तिच्यावरील प्रक्रिया येथेंच व्हावी, असें धोरण ठरलें.

या धोरणाची पहिली कसोटी अन्नाच्या प्रश्नावर लागली. १९५१ सालीं देशांत धान्याची तीव्र टंचाई होती, आणि अमेरिकेकडून वीस लक्ष टन गहूं मिळविण्याची खटपट चालू होती. त्या वेळीं अमेरिकेच्या कायदेमंडळांतील कांहीं सभासदांनीं गव्हाच्या मोबदल्यांत भारतानें मोनाझाइट द्यावें असा आग्रह धरला. पंडित नेहरूंनीं ती गोष्ट मानली नाहीं. अखेरीस त्या वर्षीच्या जून महिन्यांत १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपानें गहूं मंजूर झाला, आणि मोनाझाइट येथेंच राहिलें. दोन वर्षांनीं याहून चमत्कारिक प्रसंग उद्भवला. १९५३ सालीं भारतांतून थोरियम नायट्रेटचा सुमारें एक टन माल एका पोलिश जहाजांतून चीनला रवाना झाला. साम्यवादी देशांना युद्धोपयोगी माल पुरविणाऱ्याची मदत बंद करावी असा अमेरिकेचा कायदा होता, आणि त्या एका टनापायीं भारताची सारी मदत धोक्यांत आली. वाटाघाटी होऊन तें प्रकरण मिटलें. त्या काळीं प्रक्रिया केलेला माल देणारे आपण होतों आणि घेणारा चीन होता, एवढें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होईल.

भारतानें घातलेल्या बंधनांचा दुसरा परिणाम दूर देशीं झाला. भारताचें धोरण हें एकच कारण नव्हे, पण अमेरिकेला दुसरीकडे शोध करण्याची गरज भासली. १९४९ सालीं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत युरेनियमच्या मागें लागलेल्या शोधकांना माउंटन पास येथें विरल मृत्तिकांचा मोठा साठा सांपडला. दक्षिण आफ्रिकेंत स्टीनकाम्प्सक्राल येथील मोनाझाइटची खाण १९५२ सालीं चालूं झाली. रंगीत दूरचित्रवाणीच्या पडद्याला तांबडा रंग देणारें युरोपियम १९६० नंतर माउंटन पासहून निघूं लागलें, आणि जगाचा हा बाजार अमेरिकेकडे गेला. अडवणूक झाली म्हणजे गिऱ्हाईक नवी वाट शोधतें, आणि एकदां ती सांपडली कीं सहसा परत येत नाहीं. हा अनुभव आपण विक्रेता म्हणून घेतलेला आहे. परंतु नवी वाट तयार व्हावयास पांच-दहा वर्षें लागतात, आणि तेवढ्या काळांत अडवणारा पुष्कळ कांहीं पदरांत पाडून घेऊं शकतो, हीहि त्याच अनुभवाची दुसरी बाजू आहे.

आतां चीनकडे वळूं. अमेरिकेकडे असलेला हा धंदा चीनकडे कसा गेला हें समजण्यासाठीं कारखान्यांत डोकावणें जरूर आहे. खाणींतून माती उपसणें हें या धंद्यांतील सोपें काम. माती आम्लांत विरघळवून सर्व भावंडांचें एकत्र द्रावण करणें हेंहि फारसें कठीण नाहीं. खरी कसोटी त्यानंतर लागते. ताक घुसळलें म्हणजे लोणी एका बैठकींत वर येतें. येथें तसें होत नाहीं. हें द्रावण एका तेलकट द्रवाबरोबर घुसळतात. एका घुसळणींत निओडिमियमचा कणभर अधिक अंश तेलांत जातो आणि बाकीचा खालीं राहतो. मग तेंच पुन्हां, आणि पुन्हां. टाक्यांमागून टाक्या अशा शेंकडों ओळीनें मांडाव्या लागतात, तेव्हां कोठें दुसऱ्या टोकाला शुद्ध द्रव्य हातीं येतें. मागें उरतें तें आम्लयुक्त पाणी, आणि मोनाझाइट असेल तर थोरियममुळें किरणोत्सर्गी गाळ. हा गाळ कोणत्याहि गांवाला आपल्या वेशीजवळ नको असतो.

चीनमध्यें आंतर्मंगोलियांत बायान ओबो नांवाची लोखंडाची प्रचंड खाण आहे, आणि तिच्या दगडांत विरल मृत्तिका भरपूर आहेत. १९७० नंतर पेकिंग विद्यापीठांतील शू ग्वांग्श्येन या रसायनज्ञानें टाक्यांच्या या लांबलचक रांगेचें गणित बसविलें. किती टाक्या, कोणत्या क्रमानें, किती द्रव, हें आधींच हिशेबानें ठरवितां येऊं लागलें, आणि तें ज्ञान साऱ्या देशांतील कारखान्यांना शिकविण्यांत आलें. मजुरी स्वस्त होती, सरकारचें पाठबळ होतें, आणि सांडपाण्याविषयीं कोणी प्रश्न विचारीत नव्हतें. दुसऱ्या बाजूला अमेरिकेंत माउंटन पासच्या सांडपाण्याच्या नळ्या फुटून तक्रारी झाल्या; आणि चिनी माल इतका स्वस्त होता कीं खर्च वाढवून ती खाण चालविणें परवडेना. २००२ सालीं ती बंद पडली. जनरल मोटर्सनें आपली चुंबक बनविणारी शाखा १९९५ सालीं विकली. घेणाऱ्यांत चिनी भागीदार होते, आणि कांहीं वर्षांत तेथील यंत्रें चीनला पोंचलीं. यांत चोरी नव्हती कीं जबरदस्ती नव्हती. स्वस्त माल सर्वांना हवा होता आणि घाण कोणालाच नको होती. म्हणून जगानें हें काम ज्याच्याकडे लोटलें, त्याच्या हातांत तीस वर्षांनीं किल्ली आढळली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणें २०२४ सालीं लोहचुंबकांना लागणाऱ्या विरल मृत्तिकांच्या खाणकामांत चीनचा वांटा सुमारें ६० टक्के होता, पण शुद्धीकरणांत तो ९० टक्क्यांवर होता, आणि लोहचुंबकांत त्याहूनहि थोडा अधिक. खाणी अनेकांच्या आहेत. बाटलीची मान एकाच्या मुठींत आहे.

ही मूठ प्रथम आवळली गेली २०१० सालीं. सप्टेंबरच्या ७ तारखेस सेन्काकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी नौका जपानच्या गस्ती नौकांवर आदळली, आणि जपाननें तिच्या नाखव्याला अटक केली. या बेटांवर दोन्ही देश हक्क सांगतात. थोड्याच दिवसांत चीनच्या बंदरांतून जपानकडे जाणारा विरल मृत्तिकांचा माल निघेनासा झाला. आपण बंदी घातली असें चीननें कधीं मान्य केलें नाहीं. पण जपानी व्यापाऱ्यांना जवळजवळ दोन महिने माल मिळाला नाहीं. नाखवा तर त्याच महिन्यांत सुटला. नंतर भाव असे भडकले कीं, २०११ च्या मध्यापर्यंत कांहीं द्रव्यें दहापटींहून महाग झालीं.

जपाननें त्यानंतर जें केलें तें अभ्यास करण्याजोगें आहे. त्यानें त्या वर्षींच सुमारें १०० अब्ज येनची तरतूद केली. २०११ सालीं सरकारी संस्था व एक व्यापारी पेढी यांनीं मिळून ऑस्ट्रेलियांतील लायनस कंपनीला २५ कोटी डॉलर पुरविले, आणि तिचा माल बाजारभावाची वाट न पाहतां घेण्याचे करार केले. माती पश्चिम ऑस्ट्रेलियांतील माउंट वेल्डची, आणि शुद्धीकरण मलेशियांत कुआंतानजवळ. जपानी कारखान्यांनीं कमी डिस्प्रोसियममध्यें भागेल असे चुंबक शोधले, साठे केले, जुन्या यंत्रांतून धातु परत काढण्याची सोय केली. दरम्यान अमेरिका, युरोप व जपान यांनीं २०१२ सालीं जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. २०१४ सालीं निकाल चीनच्या विरुद्ध लागला, आणि पुढील वर्षीं चीननें निर्यातीचे कोटे उठविले. एवढें सारें होऊन जपानचें चीनवरील अवलंबन सुमारें ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आलें. दहा वर्षांचे श्रम, अफाट पैसा, जिंकलेला खटला, आणि तरीहि निम्म्याहून अधिक माल चीनचाच!

अमेरिकेची कहाणी याच्या उलट आहे. भाव चढले तसे भांडवलदार पुढें आले, आणि माउंटन पास २०१२ सालीं पुन्हां उघडली. पण कोटे उठले, भाव कोसळले, आणि २०१५ सालीं ती कंपनी दिवाळ्यांत निघाली. ज्याच्या हातांत पुरवठा आहे तो भाव चढवूनहि मारूं शकतो आणि उतरवूनहि मारूं शकतो, हें यावरून दिसतें. म्हणूनच २०२५ च्या जुलैंत अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें त्या खाणीच्या नव्या मालकांशीं करार करतांना किलोमागें ११० डॉलर असा किमान भाव दहा वर्षांसाठीं बांधून दिला. खुल्या बाजाराचें गुणगान करणाऱ्या देशाला हमीभावाची भाषा बोलावी लागली. आपल्या ऊंस-कापसाच्या शेतकऱ्याला या गोष्टीचें फारसें नवल वाटणार नाहीं.

२०२५ सालच्या परवान्यांची तऱ्हा २०१० हून वेगळी आणि अधिक निवडक होती. उघड बंदी नाहीं. फक्त अर्ज करावयाचा. भारतीय गिऱ्हाइकाला लिहून द्यावें लागे कीं, हा चुंबक शस्त्रास्त्रांत वापरला जाणार नाहीं. त्यावर आपल्या सरकारी खात्यांचे शिक्के, मग चिनी वकिलातीचा शिक्का, आणि मग चीनच्या व्यापार मंत्रालयाची मर्जी. अशा रीतीनें कोणत्या देशाच्या कोणत्या कारखान्यांत काय बनतें याची पूर्ण नोंदहि आपोआप परक्याच्या दप्तरीं जमा होई. ऑक्टोबरच्या ९ तारखेस चीननें हीं बंधनें आणखी वाढविलीं. ३० ऑक्टोबरला दोन्ही राष्ट्राध्यक्षांची दक्षिण कोरियांत बुसान येथें भेट झाली, आणि तीं वाढीव बंधनें एका वर्षापुरतीं स्थगित झालीं. एप्रिलमधील परवान्यांची पद्धत त्यानंतरहि राहिली. ज्या भांडणांत आपण पक्षकार नव्हतों त्याचा ताप आपल्याला झाला, आणि ज्या तडजोडीला आपण हजर नव्हतों तिच्यावर आपला दिलासा अवलंबून राहिला. तिसऱ्याची स्थिति नेहमीं अशीच असते.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. किल्ली ज्याच्या हातीं आहे तोहि सर्वस्वीं निर्धास्त नाहीं. डिस्प्रोसियम व टर्बियम यांची बरीचशी माती चीनला ब्रह्मदेशाच्या उत्तरेंतील काचिन प्रांतांतून आणावी लागते. २०२४ च्या ऑक्टोबरांत काचिन बंडखोरांच्या फौजेनें सरहद्दीवरील पांग्वा हें ठाणें जिंकलें, आणि तेथील खाणींचा चीनला होणारा पुरवठा विस्कळित झाला. डोंगरांतली एक लहानशी फौज जगांतील दुसऱ्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेशीं घासाघीस करूं लागली. याच खनिजांचें असें आहे असेंहि नाहीं. इंडोनेशियानें २०२० पासून निकेलची कच्ची माती बाहेर देणें थांबविलें. काँगोनें २०२५ च्या फेब्रुवारींत कोबाल्टची निर्यात रोखली. जेथें मान अरुंद तेथें कोणीतरी हात ठेवणारच.

आतां आपल्या घराकडे येऊं. आपल्या अणुखनिज संचालनालयाच्या मोजणीप्रमाणें देशांत सुमारें १ कोटी ३१ लक्ष टन मोनाझाइट असून त्यांत ७२ लक्ष टन विरल मृत्तिकांचीं ऑक्साइडें आहेत. आंध्र, ओरिसा, तामिळनाडू व केरळ हे प्रांत त्यांत मुख्य असले तरी आपल्या महाराष्ट्राचेंहि नांव त्या यादींत आहे. जगांतील मोठ्या साठ्यांत हा गणला जातो. असें असतां वर्षाचें उत्पादन अवघें तीन हजार टनांच्या आसपास, आणि लोहचुंबक जवळजवळ सर्व बाहेरचा! याचीं कारणें तीन. पहिलें, मोनाझाइटमध्यें ८ ते १० टक्के थोरियम असल्यामुळें तें अणुशक्तीच्या कायद्याखालीं येतें. खासगी कारखानदाराला त्याला हात लावतां येत नाहीं, आणि सरकारी कंपनीचें लक्ष दीर्घ काळ थोरियमवर राहिलें. दुसरें, आपल्या वाळूंत निओडिमियम आहे, पण डिस्प्रोसियम व टर्बियम हीं काढण्याजोग्या प्रमाणांत नाहींत. म्हणजे स्वतःची वाळू पूर्ण उपसूनहि आपण सर्वस्वीं स्वतंत्र होत नाहीं. तिसरें आणि मुख्य, ऑक्साइडापासून धातु आणि धातूपासून चुंबक हा पुढचा प्रवास आपण केलाच नाहीं. आपण वाळूवर पहारा ठेवला. पण तिची किंमत जेथें शंभरपट होते तो कारखाना दुसऱ्यानें काढला. १९५३ सालीं थोरियमचें शुद्ध क्षार चीनला पाठविणारा देश सत्तर वर्षांनीं त्याच चीनला चुंबकासाठीं अर्ज करतो, तो या तिसऱ्या कारणामुळें.

अलीकडे जाग आली आहे. २०२३ सालीं सरकारनें तीस अत्यावश्यक खनिजांची यादी केली. त्याच वर्षीं विशाखापट्टण येथें विरल मृत्तिकांच्या चुंबकाचा एक छोटा कारखाना सुरू झाला. त्याची शक्ति वर्षाला ३ टन, आणि तोहि दुसऱ्या जातीचा चुंबक. २०२५ च्या जानेवारींत १६,३०० कोटी रुपयांची खनिज योजना मंजूर झाली, आणि नोव्हेंबरांत वर्षाला ६,००० टन चुंबक येथें बनावे म्हणून ७,२८० कोटी रुपयांची दुसरी. या योजना योग्य दिशेनें आहेत. तथापि आपण सुशिक्षित नागरिकांनीं त्यांच्याकडे तीन दृष्टींनीं पाहिलें पाहिजे असें मला वाटतें.

पहिली दृष्टि खर्चाची. येथें बनलेला चुंबक आरंभीं चिनी चुंबकाहून महाग पडेल. ज्या दिवशीं चीन भाव उतरवील त्या दिवशीं हा कारखाना कशाला चालवावा, असा ओरडा होईल. तेव्हां माउंटन पासचें दिवाळें आठवावें. आगीचा विमा घेणारा घर जळलें नाहीं म्हणून हप्त्याबद्दल हळहळत नाहीं. सुरक्षितता ही विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत शांततेच्या काळांतच द्यावयाची असते. जपाननें दहा वर्षें ती दिली.

दुसरी दृष्टि किनाऱ्यावरील माणसांची. चवऱ्याजवळच्या आलप्पाड गांवांतील मच्छीमारांनीं २०१८-१९ सालीं आंदोलन केलें. वाळू उपसून उपसून समुद्र आमच्या उंबऱ्यापर्यंत आला, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. शुद्धीकरणाचे मोठे कारखाने निघतील तेव्हां गाळाचा प्रश्नहि येईल. चीननें आपली किल्ली मिळविली ती बाओटौच्या लोकांच्या विहिरींच्या पाण्याचें मोल देऊन. तें मोल आपल्या कोणत्या तरी गांवाच्या माथीं नकळत मारून आपण सुरक्षित झालों असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. गाळाची नीट व्यवस्था आणि गांवकऱ्यांचा वांटा हे खर्चाच्या पहिल्या ओळींत हवेत.

तिसरी दृष्टि शेजारधर्माची. एकट्यानें सर्व करूं म्हटलें तर होणार नाहीं, कारण जड मूलद्रव्यें आपल्याजवळ नाहींत. ऑस्ट्रेलियाची माती, मलेशियांतील शुद्धीकरण, जपानचें कसब, आपली वाळू आणि आपलें गिऱ्हाईक, अशी सांगड घालावी लागेल. लायनसनें २०२५ च्या मे महिन्यांत मलेशियांत डिस्प्रोसियम काढून दाखविलें, तेव्हां ही सांगड अशक्य नाहीं. पण सांगड विश्वासावर टिकते. २०१२ च्या करारानें आपण जपानला विरल मृत्तिका देत आलों. जून २०२५ मध्यें वृत्त आलें कीं, देशांत गरज आहे म्हणून ती निर्यात थांबविण्यास सरकारनें आपल्या कंपनीला सांगितलें. गरज खरी असेल. परंतु ज्या वागणुकीबद्दल आपण दुसऱ्याला नांवें ठेवतों, तिचा मोह टंचाईच्या वेळीं आपल्यालाहि होतो, हें ओळखून असावें. मित्राला दिलेला माल अडचणींत अडवला, तर पुढच्या अडचणींत मित्र सांपडत नाहीं.

सारांश, श्रोतेहो, परराष्ट्रांचें राजकारण आपल्याला थांबवितां येणार नाहीं. बेटांवरून, जकातींवरून, सरहद्दींवरून भांडणें होतच राहतील, आणि तीं मिटविण्याची मेजें आपल्यापासून दूर असतील. परंतु त्या भांडणांचा धक्का आपल्या कारखान्याला किती बसावा हें पुष्कळसें आपल्या हातीं आहे. भूमींतील साठ्याचा अभिमान पुरेसा नाहीं. टाक्यांची ती लांब रांग चालविणारे रसायनज्ञ, भट्टीवर उभे राहणारे कारागीर, स्वस्ताईच्या दिवसांतहि टिकून राहणारे गिऱ्हाईक, आणि कांहीं महिन्यांचा राखीव साठा, एवढें असलें म्हणजे परवान्याच्या अर्जाला उत्तर यावयास उशीर झाला तरी पुण्यांतला कामगार घरीं बसणार नाहीं. हा खर्च दोन मार्गांनीं होऊं शकतो. दरवर्षीं थोडा थोडा, आपल्या इच्छेनें. किंवा एकदम, दुसऱ्याच्या इच्छेनें. यांतील पहिला मार्ग आपण धरावा, एवढेंच आज सांगावयाचें होतें.